मीटिंगच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलेल्यांसाठी

प्र. ‘एए’च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगचा पत्ता दोन महिने पाकिटात आहे. एकदा शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन माघारी फिरलो. आत ओळखीचं कुणी निघालं तर? आणि तिथे नेमकं करायचं काय? (लालबाग, वय ४४)

उ. ओळखीचं कुणी निघालंच, तर तोही त्याच दुखण्यापायी आलेला असणार. तुम्हाला तो दिसला, त्याला तुम्ही दिसलात, फिट्टंफाट. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, नावातच अनामिकता आहे. आडनाव, पत्ता, नोकरी कुणी विचारत नाही. सदस्य होण्याची अट एकच, दारू थांबवायची इच्छा. (आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार प्यायला परवाना लागतो. सोडायला कसलाच कागद लागत नाही, याचं मला कायम हसू येतं.)

आत काय असतं? बऱ्याचदा पालिका शाळेतला किंवा चर्चच्या आवारातला एखादा वर्ग. बाकं दुसरीच्या पोरांची, त्यामुळे दणकट माणसांचे गुडघे छातीशी येतात. फळ्यावर सकाळचा पाढा अर्धा पुसलेला. टेबलावर ‘फक्त आजचा दिवस’ अशी पाटी, थर्मासमधला चहा. एक जण मीटिंग चालवतो, बाकीचे एकेक करून स्वतःबद्दल बोलतात. याला तिथे शेअरिंग म्हणतात. मधे कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली की ‘आज फक्त ऐकायला आलोय’ एवढं म्हटलं तरी चालतं. शेवटी वर्गणीची थैली फिरते. नवख्याने काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. खर्च मेंबरच उचलतात, बाहेरच्या देणग्या घेत नाहीत.

एक युक्ती सांगतो. वेळेआधी दहा मिनिटं पोचा. उशिरा गेलं की सगळ्या माना वळतात आणि तुमच्यासारखा माणूस तिथूनच परत फिरतो. मीटिंग संपल्यावर लगेच सटकू नका. खरं बोलणं बरेचदा बाहेर चहाच्या टपरीवर होतं, फोन नंबरही तिथेच मिळतात. आणि जाण्याआधी पाकिटातला पत्ता अजून तोच आहे का, ते फोन करून बघा. दोन महिन्यांत ग्रुपची जागा बदललेली असू शकते.

प्र. तिथे ना डॉक्टर, ना समुपदेशक. दारुडे दारुड्यांना काय शिकवणार? (मुलुंड)

उ. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल धंद्याच्या कामाला गेला होता. काम फिसकटलं, हॉटेलात एकटा, समोर बार. प्यायची अनावर इच्छा झाली तेव्हा त्याने आपल्यासारखाच दुसरा दारुडा शोधायला फोन फिरवायला सुरुवात केली. भेटला तो गावातला सर्जन. म्हणजे डॉक्टर होताच की, पण तोही पिणारा! त्या दोघांच्या बोलण्यातून एए उभी राहिली. मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातला, तरी कबूल करतो: पहाटे पाचला देशीचं दुकान उघडायची वाट पाहत बसलेल्या माणसाला ‘मीही बसलोय’ असं मी म्हणू शकत नाही. २०२०च्या कॉक्रेन आढाव्यातही (कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणारी संस्था), दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, एएकडे नेणारे उपचार इतर मान्य पद्धतींच्या तोडीस तोड किंवा सरस दिसले.

प्र. मीटिंगला कोरडं जावं म्हणून दोन दिवस बंद केली. दुसऱ्या सकाळी हात इतके कापले की चहा बशीत सांडला. घाबरून पुन्हा घेतली. (घाटकोपर, रोज एक खंबा)

उ. असं एकट्याने पुन्हा करू नका. रोज इतकी पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास, भ्रम होऊ शकतात, आणि यात जीवही जातो. आधी डॉक्टर. केईएम, सायन, नायर इथे मानसोपचाराची ओपीडी आहे. थरथर आवरायला औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देतात, गरज पडली तर दाखल करून घेतात. किती पिता तो आकडा खरा सांगा. तिथे निम्मा सांगायची आपल्याला सवय असते. फिट, ताप किंवा असंबद्ध बडबड सुरू झाली तर थेट इमर्जन्सी. औषधं चालू असताना मीटिंगला खुशाल जा.

प्र. आमचे हे ऐकतच नाहीत. शेजारीण म्हणते, दारू सोडवायची गोळी आमटीत मिसळ. ती द्यावी की ओढून मीटिंगला न्यावं? (कांजूरमार्ग)

उ. ताई, गोळी अजिबात नको. डायसल्फिरामसारखी गोळी पोटात असताना वर दारू गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. माणूस दगावू शकतो. ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याच्या संमतीनेच घेतात. ओढून नेलेला माणूस हजेरी लावतो आणि वाटेत क्वार्टर मारून घरी येतो. त्यांना ओपन मीटिंगबद्दल एकदा सांगून ठेवा, तिथे घरचेही बसू शकतात. तुम्ही मात्र स्वतःसाठी अल-अनॉन शोधा. हा पिणाऱ्यांच्या घरच्यांचा वेगळा मेळावा १९५१पासून चालतो. ते येवोत न येवोत, तुम्ही जा. पत्ता मिळत नसेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, तिथे विचारा.

प्र. एकदा गेलो. माणसं बरी होती, पण शेवटी प्रार्थना! मी देव मानत नाही. (दादर)

उ. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहा, बरेच जण तेच करतात. एएत ज्या ‘उच्चशक्ती’चं नाव घेतात ती म्हणजे काय, हे ज्याचं त्याने ठरवायचं. काही जण ग्रुपलाच तसं मानतात. तरी जमलं नाही तर दुसरा ग्रुप बघा. मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी मीटिंग आहेत आणि प्रत्येकीचा तोंडवळा निराळा. वस्तीत कुणी पाहू नये म्हणून ठाण्याहून दादरला येणारे मेंबर आहेत, आणि त्याच कारणाने दादरहून ठाण्याला जाणारेही.