‘तू एजन्सीची, तुला काय सांगायचं?’

एका वाचक मुलीचं पत्र आलंय. नाव-गाव गाळून, थोडक्यात असं:

“मी २४ वर्षांची, बी.कॉम. झालेली. सात महिन्यांपासून जिल्ह्याच्या ठिकाणी एका निमसरकारी कार्यालयात एजन्सीमार्फत डेटा एंट्री करते. आमचे साहेब काहीच सांगत नाहीत. विचारलं तर ‘तू एजन्सीची, तुला काय सांगायचं, आज आहेस उद्या नाहीस’ म्हणतात. काम त्यांच्याच लॉगिनवर करायला लावतात. मागच्या महिन्यात ४० अर्ज परत आले, तेव्हा सगळ्यांसमोर ओरडले. ते कसे भरायचे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. हजेरीवर सही वेळेत करत नाहीत, म्हणून पगार कधी १५ ला होतो, कधी २० ला. ठरलेत १४,०००, हातात येतात १२,२०० च्या आसपास. ३१ मार्चला करार संपतो. आई म्हणते, टिकून राहा, पुढेमागे कायम करतील. स्पर्धा परीक्षेचा अभ्यासही चालू आहे. ते माझे बॉस आहेत, त्यांच्याविरुद्ध कुठे बोलू?”

बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा साहेबांचा राग आला. दुसऱ्यांदा तुझ्या शेवटच्या वाक्यापाशी थांबले. ते तुझे बॉस आहेत असं तू लिहितेस, पण कागदावर ते तुझे बॉस नाहीत. तुला नेमलंय एजन्सीनं, पगारही तीच देते. कार्यालय हे कायद्याच्या भाषेत ‘मुख्य नियोक्ता’, म्हणजे एजन्सीकडून माणसं घेऊन काम करून घेणारं. साहेबांच्या हातात तुझ्या तीनच गोष्टी आहेत: रोज कोणतं काम द्यायचं, हजेरीवर सही, आणि उद्या कुणी तुझ्याबद्दल विचारलं तर काय सांगायचं. बाकी सगळं तू त्यांच्या टेबलाला वळसा घालून मिळवू शकतेस. तेच कसं करायचं ते सांगते. साहेबांचा स्वभाव बदलायच्या भानगडीत आपण पडायचं नाही.

पण ते सांगत का नाहीत, याचा थोडा अंदाज बांधू. माझ्या पाहण्यातल्या अशा दहा साहेबांपैकी निम्म्यांना ते ऑनलाइन काम स्वतःलाच येत नसतं. आयुष्य आवक-जावक, टिपणी आणि शेऱ्यात गेलं, आणि निवृत्तीला पाच वर्षं उरलेली असताना समोर पोर्टल येऊन बसलं. काल आलेल्या मुलीला “मला माहीत नाही” म्हणणं त्यांना जड जातं, “तुला काय सांगायचं” म्हणणं सोपं. काहींना वाटतं, शिकवलं की ही जाणार, मग पुन्हा नवी येणार, पुन्हा पहिल्यापासून. आणि काही नुसतेच खडूस असतात, तेही खरं. तुझे साहेब आपल्या लॉगिनवर तुला बसवतात म्हणजे मला पहिला प्रकार वाटतो. पत्रावरून माणूस ओळखू नये म्हणतात, तरी.

मी स्वतः पदवीनंतर सहा महिने एका कार्यालयात रोजंदारीवर होते. कोणतं ते सांगत नाही. तिथले हेडक्लार्क माझ्याशी बोलायचे ते फक्त “ते घे” आणि “हे ठेव” एवढंच. मला काम शिकवलं शिपाईमामांनी. कुठली फाईल कुणाकडे जाते, कुठल्या शिक्क्याशिवाय ती परत येते, कोण दुपारी तीननंतर सही करतं, सगळं त्यांना पाठ. तुझ्याही कार्यालयात असा कुणीतरी असणारच. शेजारच्या विभागातली जुनी ऑपरेटर असेल, तालुक्याच्या कार्यालयात हेच काम करणारा मुलगा असेल. तुझे ४० अर्ज ज्यांनी परत पाठवले त्या वरच्या कार्यालयातला माणूस तर सगळ्यात कामाचा. अर्ज का परत आले हे त्यालाच नक्की माहीत असतं. साहेबांना सांगून, अगदी सरळ, फोन कर: “पुन्हा चुकू नये म्हणून विचारते, कोणत्या रकान्यात चूक होती?” असं विचारणाऱ्याला सहसा कुणी झिडकारत नाही.

साहेबांना विचारायचंच असेल तेव्हा “हे कसं करू?” असं विचारू नकोस. त्याला उत्तर द्यायचं तर त्यांना खुर्चीतून उठावं लागतं, किंवा येत नाही हे कबूल करावं लागतं. त्याऐवजी उत्तर आपणच तयार करून न्यायचं: “आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नाही असे सहा अर्ज आहेत. ते बाजूला ठेवून बाकीचे पाठवते, चालेल ना?” त्यांना फक्त मान हलवायची आहे. ती मान हलली की संध्याकाळी त्यांना एक ओळ व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर: “सर, आज ७६ अर्ज भरले, आपल्या सांगण्याप्रमाणे ६ बाजूला ठेवलेत.” उत्तर आलं नाही तरी चालेल. रोज एक ओळ, तक्रारीचा सूर नको, नमस्कार-चमत्कारही फार नकोत. महिन्यानं कुणी ओरडलं तर तुझ्याकडे तारखेसकट २२-२५ ओळी असतील. अशी नोंद असलेल्या माणसावर ओरडायला लोक जरा बिचकतात, हा माझा अनुभव.

जोडीला एक वही कर. कुठली चूक कुठे होते, कुठला कागद लागतो, सर्व्हर कधी रडतो, सगळं तिच्यात. ही वही तुझी, कार्यालयाची नाही. अर्जदारांची नावं, आधार क्रमांक, फोन नंबर मात्र तिच्यात उतरवायचे नाहीत, मोबाईलमध्ये फोटोही काढायचे नाहीत.

आता लॉगिन. ओरडण्यापेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. साहेबांच्या नावानं भरलेल्या प्रत्येक अर्जाची नोंद त्यांच्या खात्यावर होते. सगळं सुरळीत असेपर्यंत काम त्यांचं. काही निघालं की “माझा पासवर्ड त्या मुलीकडे होता” हे वाक्य तयार. तेव्हा तू केलेलं आणि त्यांनी केलेलं वेगळं कसं काढणार? म्हणून एजन्सीच्या सुपरवायझरला चार ओळींचा ईमेल कर: मला अमुक कामासाठी स्वतंत्र लॉगिन मिळावं, सध्या मी विभागप्रमुखांच्या लॉगिनवर काम करते आहे. प्रत साहेबांनाही. त्यांना वाईट वाटेल याची भीती वाटत असेल तर आधी तोंडी सांग, “सर, तुमच्या नावावर माझ्या चुका जायला नकोत.” खरंही आहे आणि त्यांच्या सोयीचंही. लॉगिन मिळेपर्यंत पैसे मंजूर होतील असं कुठलंही बटण तू दाबायचं नाहीस. भरणं तुझं, मंजुरी त्यांची, बोटही त्यांचंच. “दाब गं, मी सांगतोय ना” म्हणाले तरी नाही.

पगाराचं आता. १४,००० वर भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,६८०, आणि ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, ०.७५ टक्के म्हणजे १०५. दोन्ही वजा जाता राहतात १२,२१५. म्हणजे पूर्ण रकमेवर कपात धरली तर तुझा हिशेब जुळतो. व्यवसाय कर तुला लागत नाही, महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. पण कापलेले पैसे जमा होतात का, हा खरा प्रश्न. एजन्सीकडून तुझा यूएएन, म्हणजे भविष्य निधीचा खाते क्रमांक, घे, सरकारच्या उमंग अॅपवर पासबुक उघड आणि सातही महिने बघ. तुझ्या १,६८० एवढीच रक्कम मालकाच्या बाजूनंही भरली जायला हवी. त्यातला पगाराच्या ८.३३ टक्के एवढा भाग पेन्शनकडे जातो, म्हणून पासबुकात दोन आकडे वेगवेगळे दिसले तर घाबरू नकोस. रकानेच रिकामे दिसले तर मात्र भविष्य निधी कार्यालयाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. ईएसआयचा विमा क्रमांकही मागून घे. १०५ रुपये कापून घेतात तर आजारपणात त्या दवाखान्याची पायरी चढायचा हक्क तुझा आहे. कित्येक मुलींना हे कार्ड असतं हेच ठाऊक नसतं.

उशिराबद्दल कायदा स्पष्ट आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत, म्हणजे पगाराच्या नव्या केंद्रीय कायद्यातही, हेच आहे. साहेबांची सही झाली नाही, बिल अडकलं, ही एजन्सीनं सांगायची सबब नव्हे. कंत्राटदारानं, म्हणजे एजन्सीनं, पगार दिलाच नाही तर तो देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात तसं होतं, नव्या कामगार संहितांमध्येही तसंच आहे. म्हणून साहेबांशी हुज्जत घालत बसू नकोस. महिन्याच्या शेवटच्या दिवशी हजेरीचा तक्ता स्वतः टाइप करून त्यांच्या टेबलावर ठेव, आणि त्याच दिवशी सुपरवायझरला कळव की तक्ता सहीसाठी दिलाय. पुढचा पाठपुरावा त्याचा. दोन महिन्यांत फरक पडला नाही तर तिथल्या सगळ्या एजन्सीवाल्यांनी मिळून एक अर्ज एजन्सीला करा, प्रत कार्यालयप्रमुखांना. एकटीनं केलास तर तू ‘तक्रारखोर’, आठ जणांनी केला तर तो ‘विषय’.

तू लिहिलंयस त्यात फक्त ओरडणं आहे. त्यापलीकडे अंगाशी येणारं, घाणेरडं असं काही असेल तर तो वेगळा मामला. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा एजन्सीमार्फत आलेल्या बाईलाही लागू आहे. तक्रार कार्यालयाच्या अंतर्गत समितीकडे करायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत.

आता आईचं म्हणणं. त्या माउलीचं चुकत नाही, तिच्या पिढीनं तसं घडताना पाहिलंय. पण १० एप्रिल २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं उमादेवी खटल्यात सांगितलं की, रीतसर भरतीशिवाय घेतलेल्या हंगामी माणसाला नुसती वर्षं भरली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. २०१६ मध्ये जगजित सिंग खटल्यात त्याच न्यायालयानं हंगामी कर्मचाऱ्यांना समान कामाला समान वेतनाचं तत्त्व लागू केलं. वीस-वीस वर्षं राबलेल्यांच्या बाजूनं अलीकडे काही निकालही आलेत. पण तू सात महिन्यांची, तीही एजन्सीमार्फत. तुझ्यासाठी ती वाट नाही. सरकारची धोरणं तरी कुठे ठरलेली असतात? आपल्याकडे ६ सप्टेंबर २०२३ ला नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला आणि पुढच्याच महिन्यात रद्द करावा लागला. असल्या हवेवर आयुष्याची मांडणी करू नये. आईला हे सांग, पण तिच्यावर चिडू नकोस.

तुझी खरी वाट परीक्षेची, आणि ही नोकरी तिच्या उपयोगी पडू शकते. लिपिक-टंकलेखक पदाला मराठीचा ३० किंवा इंग्रजीचा ४० शब्द प्रतिमिनिट वेग लागतो. दिवसभर टाइप करतेसच, तर राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा झाली नसेल तर आधी ती देऊन टाक. सहा तास कीबोर्डवर काढायचे आणि हाती प्रमाणपत्र नाही, हे मला अगदी बघवत नाही.

सोडू का, असं तू विचारलं नाहीस, पण ओळींमधून ऐकू येतंय. माझं मत: ३१ मार्चपर्यंत थांब. आत्ता सोडलंस तर सात महिन्यांचा तुकडा हातात राहील आणि तो समजावत बसावं लागेल. पण मुदतवाढीच्या कागदावर आपोआप सही करायची नाही. स्वतंत्र लॉगिन आणि ७ तारखेचा पगार, या दोन गोष्टी तोवर झाल्या असतील तर राहा. नसतील तर तेवढ्याच पगाराचं काम एखाद्या सीएच्या ऑफिसात मिळतं. बी.कॉम. मुलीला तिथं जीएसटीची विवरणपत्रं तरी शिकायला मिळतील. तिथला साहेबही ओरडेल कदाचित, पण काम येणारा असेल.

अनुभवाचं प्रमाणपत्र एजन्सीच्या लेटरहेडवर मिळेल. त्यात कार्यालयाचं नाव, कामाचं स्वरूप आणि दोन्ही तारखा असल्या पाहिजेत. नेमणूकपत्र अजून मिळालं नसेल तर तेही आताच माग. नव्या कामगार संहितेत ते देणं बंधनकारक आहे. प्रमाणपत्राचा अर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यात टाक. करार संपल्यावर एजन्सीवाले फोन उचलत नाहीत. आणि वहीची सुरुवात त्या परत आलेल्या ४० अर्जांपासून कर. कुठल्या रकान्यात काय चुकलं होतं, ते अजून कुणालातरी आठवत असेल तोवर.