वर्दी उतरल्यावर भेट म्हणालास, आता नोटीस आलीये

बाळा,

तुझा रात्री पावणेदोनचा मेसेज सकाळी बघितला, सोबतचे तिन्ही स्क्रीनशॉट पण बघितले, चहा तसाच राहिला. फोन केला असता पण फोनवर तू ऐकत नाहीस, मधेच "पण मावशी" सुरू करतोस, म्हणून लिहून पाठवतेय. दोनदा वाच आणि वाचून होईपर्यंत कोणाला काहीही पाठवू नकोस, त्या हवालदाराला सॉरी पण नाही.

आधी तुझी बाजू, कारण ती खरी आहे. हेल्मेट नव्हतं तर चालान बनवा, पावती हातात द्या, विषय संपला. कानाखाली मारायचा आणि आईवरून बोलायचा हक्क कुठल्याच कायद्याने दिलेला नाही, वरून थान्यात नेऊन दीड तास बाकावर बसवलं ते वेगळंच. त्या चौकाचं आणि थान्याचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाहीये, तुला माहीत आहे, मला माहीत आहे. मुद्दा हा की रात्री नऊ वाजता तू तिथून निघालास तेव्हा तू फरियादी होतास, कागद तुझ्या बाजूने बनणार होता. मग साडेअकराला कोणाकडून तरी त्याचा नंबर मिळवून तू लिहिलंस, "वर्दी उतार के मिल, हाथ-पैर तोड़ के रख दूँगा", आणि चार मिनिटांनी, "तेरा लड़का किस स्कूल में जाता है, सब पता है मुझे". नंतर घाबरून डिलीट फॉर एव्हरीवन. तोपर्यंत त्याने फोटो काढून टीआयला, म्हणजे थान्याच्या मोठ्या इन्स्पेक्टरला, दाखवला होता. साडेअकराला तू आरोपी झालास, आणि थप्पड कुठे गेली ते कोणी विचारत पण नाहीये.

तू लिहितोस "नुसतं बोललो होतो, केलं तर काही नाही". हे वाक्य मी तीस-बत्तीस वर्षं ऐकतेय, प्रत्येक पोराला वाटतं हे पहिल्यांदा त्यालाच सुचलंय. अरे, धमकी हा गुन्हाच बोलण्याचा आहे, करून टाकलंस तर तो वेगळा गुन्हा.

आता नोटिशीवरची कलमं. तुझ्यावर १३२, २२४ आणि ३५१(३) लावलीयेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि आमची सगळ्यांची पाठ झालेली आकडेवारी बिघडली, आपल्या एमपीत, मध्य प्रदेशात, शाळेतल्या पोरांना पण ठाऊक होतं की भांडण झालं की २९४, ३२३, ५०६, ३४ (शिवीगाळ, मारहाण, धमकी, आणि सगळ्यांनी मिळून केलं ते) लागणार, आता ते २९६, ११५, ३५१ आणि ३(५) झालंय. गंमत बघ, जुन्या कायद्यात ३५१ म्हणजे हमल्याची व्याख्या होती, नव्यात ३५१ म्हणजे धमकी, आमच्याकडे जुने वकील अजून पेशीला उभे राहून चुकतात. असो.

१३२ म्हणजे जुनं ३५३, सरकारी माणसावर ड्युटीसंबंधात हमला किंवा बळाचा वापर, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि अजामीनपात्र. ते तुझ्यावर बसत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. हमल्याची व्याख्या आता कलम १३० मधे आहे आणि त्याच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे, समोर उभं राहून हात उगारला किंवा तसा हावभाव केला तर गोष्ट वेगळी. तू तेव्हा तुझ्या खोलीत गादीवर पडलेला होतास. मग लावलं कशाला? कारण २२४ एकटं असतं तर ते अदखलपात्र, जामीनपात्र, थान्यात अदम चेक, म्हणजे अदखलपात्र तक्रारीचा कागद, कापून हातात दिला असता आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास पण करता आला नसता. पण एफआयआरमधे एक जरी दखलपात्र कलम असलं की सगळी केसच दखलपात्र धरतात. हा त्या १३२ चा उपयोग.

२२४ वर पण माझ्याकडे बोलायला जागा आहे. ते कलम अशा धमकीसाठी आहे जिच्यातून सरकारी माणसाकडून काही करवून घ्यायचंय किंवा त्याला काही करण्यापासून अडवायचंय. म्हणजे "गाडी सोड नाहीतर बघ" हे २२४. "तू माझी गाडी अडवलीस, आता मी तुला बघतो" हे सूड उगवणं झालं, काम होऊन गेलेलं, अडवण्यासारखं काही उरलेलंच नाही. अमेरिकेत टेक्ससमधे या सूडाच्या धमकीसाठी वेगळं कलमच आहे, ३६.०६, सरकारी माणसाने केलेल्या कामाचा बदला म्हणून धमकी दिली की दोन ते दहा वर्षं. आपल्याकडे बदल्याचा उल्लेख मारहाणीच्या कलमात येतो, १२१ मधे, ड्युटीवर जे केलं "त्याच्या परिणामी" इजा केली तरी ते कलम लागतं, मग वर्दी अंगावर असो की भाजी घ्यायला निघालेला असो. म्हणून ते "वर्दी उतार के मिल" जे आहे ना, जे पोरांना फार हुशारीचं वाटतं, त्याने काहीही फरक पडत नाही.

आणि आता ३५१. इथे मी तुला खोटा धीर देणार नाही. एखाद्याला घाबरवायच्या इराद्याने त्याच्या शरीराला, इज्जतीला, मालमत्तेला किंवा त्याच्या जवळच्या माणसाला इजा करायची धमकी दिली की हे कलम लागतं, साधी असेल तर दोन वर्षांपर्यंत, जिवे मारायची किंवा गंभीर दुखापतीची असेल तर सात वर्षांपर्यंत. हाड मोडणं कायद्यात गंभीर दुखापतीत मोडतं, आणि तू हात-पाय तोडायचं लिहिलंयस. त्या पोराच्या शाळेचं तर विचारूच नकोस. तुला शाळेचं नाव माहीत नव्हतं हे मला कळतं, पण त्याच्या बायकोला ते रात्री बारा वाजता कसं कळणार होतं? ती दुसऱ्या दिवशी पोराला शाळेत सोडायला स्वतः गेली असेल. कोर्टात हे मी बोलणार नाही, तिथे मी तुझी वकील आहे.

तू शेवटी लिहिलंयस की दुसऱ्या सिमवरून पाठवायला हवं होतं. नशीब नाही पाठवलंस. ओळख लपवून धमकी दिली तर ३५१(४), त्याचे आणखी दोन वर्षांपर्यंत वेगळे.

तुझा मित्र म्हणतोय ना की पोलिसांविरुद्ध लिहिलं तर सुप्रीम कोर्ट सोडून देतं, तो अर्धवट ऐकून आलाय. ती केस बंगलोरची, जानेवारी २०१५ चा निकाल. रिक्षाला धक्का लागला, जोडप्याला थान्यात बोलावलं, तिथल्या इन्स्पेक्टरच्या वागण्याबद्दल त्यांनी ट्रॅफिक पोलिसांच्याच फेसबुक पेजवर लिहिलं, त्यावरून जुनं ३५३ आणि ५०६ लावलं, आणि सुप्रीम कोर्टाने एफआयआर रद्द केली, म्हणाले यात घाबरवायचा इरादा नाही आणि हमला पण नाही. हा निकाल १३२ साठी मी वापरणारच आहे. पण त्यांनी काय झालं ते लिहिलं होतं, तू काय करणार ते लिहिलंस.

एक जुनी गोष्ट सांगते, ९० च्या दशकातली. एका माणसाच्या भावाला थान्यात मारलं होतं, खरंच मारलं होतं, पाठीवर पट्ट्याचे वळ, सरकारी दवाखान्यातला एमएलसीचा, म्हणजे पोलीस केससाठी केलेल्या तपासणीचा, कागद होता, त्यावर डॉक्टरने निळ्या शाईने प्रत्येक वळाची लांबी सेंटीमीटरमधे लिहिलेली. असा कागद आम्हाला क्वचित मिळतो. आणि हा दुसऱ्या दिवशी थान्याच्या गेटवर जाऊन मोठ्याने ओरडून आला की एकेकाला घरात घुसून बघेन. झालं. पुढची नऊ वर्षं आम्ही त्याच्या ओरडण्याच्या पेशीला जात राहिलो, साक्षीदार येत नव्हते, तारीख पुढे, आणि भावाची तक्रार "बदल्याच्या भावनेतून" म्हणून बाजूला पडली. शेवटी तो सुटला, पण मी फाइल बंद केली तेव्हा तो एमएलसीचा कागद घड्यांवर फाटला होता, एकदाही कोर्टासमोर न येता.

म्हणून तुझ्या थपडेची तक्रार आपण करायची आहे, आणि या केसपासून पूर्ण वेगळी ठेवायची आहे. एक पान, तारीख, वेळ, जागा, काय झालं, कोण सोबत होतं, बास. "मानसिक छळ" "लोकशाहीची हत्या" असलं काही नको. डीसीपी ऑफिसला लेखी, मंगळवारी जनसुनवाई असते तिथे देऊन पावती घेऊ, एक प्रत स्पीड पोस्टने कमिश्नर साहेबांना. १८१ वर, सीएम हेल्पलाइनला, पण टाक, त्याचा नंबर जपून ठेव. थान्यात तुला बसवलं होतं त्या दीड तासाचं सीसीटीव्ही फुटेज सांभाळून ठेवायचा अर्ज आजच जायला हवा, २०२० मधे सुप्रीम कोर्टाने प्रत्येक थान्यात, गेटपासून लॉकअपपर्यंत, कॅमेरे लावायला सांगितलेत, रेकॉर्डिंगसकट. मागितलं नाही तर कॅमेरा नेमका त्याच दिवशी खराब होता असं उत्तर येतं.

नोटीस नव्या प्रक्रिया कायद्याच्या, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ३५(३) ची आहे, म्हणजे अटक केलेली नाही, हजर व्हायला सांगितलंय. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही हे २०१४ पासून सुप्रीम कोर्टाने घालून दिलंय, आणि नोटिशीप्रमाणे हजर होत राहिलास तर अटक करायला त्यांना लेखी कारण द्यावं लागेल. न जाता लपलास तर ते कारण तूच त्यांच्या हातात दिलंस. तरी १३२ अजामीनपात्र आहे म्हणून अग्रिम जमानतीचा (अटकपूर्व जामिनाचा) अर्ज मी तयार ठेवतेय, लागलाच तर सेशनला लावू. फोन फॉरमॅट करू नकोस, चॅट उडवू नकोस, त्याच्याकडे आहेच ते, तू उडवलंस तर पुरावा नष्ट करण्याचं नवीन लफडं. आणि तुझा तो नेत्याच्या ऑफिसात बसणारा दोस्त, "भिया मैं बात कर लेता हूँ" म्हणणारा, त्याला यात अजिबात घालू नकोस. तो त्या हवालदाराला फोन करणार आणि उद्या तो फोनच साक्षीदारावर दबाव म्हणून लिहिला जाणार. कान धरून माफी मागायचा व्हिडिओ बनवू असं थान्यात कोणी प्रेमाने सुचवलं तरी नको, मी सोबत असेन, माझ्याकडे बघायचं.

पीएससीचं विचारलंयस. भंवरकुआंच्या त्या खोलीत बसून तू दोन वर्षं घासतोयस हे मला माहितीये. केस चालू असली म्हणून फॉर्म भरता येत नाही असं नाही, पण पुढे व्हेरिफिकेशनच्या फॉर्ममधे विचारतील तेव्हा लिहावं लागेल. लपवलंस आणि मग सापडलं तर नोकरी जाऊ शकते, २०१६ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हेच बघितलं होतं. त्या कोचिंगवाल्याचं ऐकून "नाही" वर टिक करू नकोस.

तुझ्या आईला अजून सांगितलेलं दिसत नाही, सकाळी तिचा नेहमीचा पोह्यांचा फोटो आला मला. मी सांगणार नाही, तू आज सांग. रामबागेत आम्ही एका वाड्यात वाढलोय, ती आधी तुला ओरडेल आणि मग मला फोन करून रडेल, तेवढं मी बघते.

उद्या साडेनऊला माझ्याकडे ये. आधार, नोटिशीच्या दोन झेरॉक्स, चालानची पावती, आणि त्या रात्री सोबत होता त्या मित्राला पण घेऊन ये, त्याने काय पाहिलं ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय. अकरा वाजता आपण थान्यात जाऊ. तिथे तो हवालदार दिसेल, बहुतेक दारातच. नमस्कार करायचा आणि पुढे चालायचं.

मावशी