हातानं केलेलं तोंडानं सांगा
वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

प्रश्न : काकू, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं मेकॅनिकल डिप्लोमा. सध्या एका लहान वर्कशॉपात लेथवर (कातकामाच्या मशीनवर) काम करालोय. पुढच्या आठवड्यात बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) ऑपरेटर ट्रेनीची मुलाखत आहे. मित्र म्हणतात, 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' पाठ करून जा. पाठ केलंय, पण आरशासमोर पण अडखळतंय. कन्नड समजतंय, बोलायला धीर होत नाही. साहेब कन्नडात बोलले तर काय करू?
— डिप्लोमावाला, खानापूर

उत्तर : बाळा, ते पाठ केलेलं इंग्रजी आधी बाजूला ठेव. माझी सगळी नोकरी उद्यमबागेत पर्सोनेल विभागात झाली. 'माय सेल्फ अमुक, आय ॲम हार्डवर्किंग' सुरू झालं की समोरचे साहेब मान खाली घालून अर्ज चाळायला लागतात, हे मी कायम बघत आले. त्यांना जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच. लाखो रुपयांचं मशीन या पोराच्या ताब्यात दिलं तर हा ते नीट चालवील का, आणि काही बिघडलं तर लपवील की सांगील?

तू लेथवर उभा राहिलायस, हीच तुझी खरी जमा आहे. आज रात्री वही घेऊन बस. कुठला जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, सगळ्यात जास्त केलास, मटेरियल काय होतं, व्यास किती, ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी सूट, किती दिला होता, तो कशानं मोजत होतास, एखादा जॉब रिजेक्ट झाला तर का झाला, हे सगळं मराठीत लिही. मग घरात कुणाला तरी समोर बसवून तोंडी सांग. आईला मशीनमधलं कळत नसेल तर अजून बरं, तिला कळेल असं सांगता आलं की साहेबांनाही कळेल.

एक मुलगा मला चांगला आठवतो, जांबोटीकडचा. आमचे मशीन शॉपचे साहेब टेबलावर एक शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, आणि मोजायचा व्हर्निअर ठेवायचे आणि 'व्यास सांग' एवढंच म्हणायचे. बाकीची पोरं व्हर्निअर उचलून शाफ्टला लावायची आणि आकडा सांगून मोकळी व्हायची. यानं आधी खिशातला रुमाल काढून व्हर्निअरचे जबडे पुसले. ते मिटवून उजेडाकडं धरले, शून्यावर शून्य बसतंय का बघितलं. मग शाफ्ट पुसला. एका टोकाला मोजलं, मध्ये मोजलं, दुसऱ्या टोकाला मोजलं, शाफ्ट फिरवून परत मोजलं. आणि हळूच म्हणाला, 'सर, या टोकाला जास्त येतंय. टेपर आहे काय?' टेपर, म्हणजे एका टोकाकडं निमुळतेपणा, होताच, साहेबांनी मुद्दाम तसाच शाफ्ट निवडला होता. त्या पोराचं इंग्रजी यथातथाच होतं. पुढचे प्रश्न साहेबांनी त्याला मराठीतच विचारले आणि त्याला घेतलं.

तेव्हा मोजमाप पक्कं करून जा. व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, साधारण ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरचा ०.०१, एवढं सगळ्यांना येतं. खरा प्रश्न त्याच्या पुढचा असतो. समज, ड्रॉइंगवर २५ मिलिमीटरचं भोक आहे आणि पुढं एच ७ लिहिलंय. म्हणजे ते २५.००० ते २५.०२१ च्या आत बसलं पाहिजे. आता सांग, अख्खी सूट ०.०२१ ची असताना ०.०२ नं मोजणारा व्हर्निअर काय कामाचा? 'इथं प्लग गेज किंवा बोअर गेज लावीन' असं, भोक तपासायच्या साधनांचं नाव घेऊन, म्हणालास की साहेब मान वर करतील.

तापलेल्या जॉबचंही असंच. मशीनवरून उतरलेला १०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी जॉब नेहमीपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर साधारण ०.०२३ मिलिमीटरनं फुगलेला असतो. गरम असताना बरोबर भरला तर गार झाल्यावर कमी भरणार. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस धरतात, हेही ध्यानात ठेव. सीएनसी म्हटल्यावर जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांचे आकडे, विचारतीलच. जी शून्य म्हणजे जलद सरकणं, जी एक म्हणजे सरळ रेषेत कटिंग, जी दोन आणि तीन म्हणजे घड्याळाच्या दिशेनं आणि उलट वळण. ते पुस्तकात आहेत, बघून जा. सीएनसी अजून चालवली नसशील तर तसं सांग. ट्रेनी म्हणूनच घेतायत, शिकवणार तेच आहेत.

आता कन्नडचं. साहेब कन्नडात बोलले की खाली बघून गप्प बसू नको. 'सर, ननगे कन्नड अर्थ आगुत्ते, माताडोदु स्वल्प कष्ट' एवढं सांग, म्हणजे समजतं पण बोलायला थोडं जड जातं. आणि मग जमेल तशा मिसळ भाषेत उत्तर दे. उद्यमबागेत एकाच पाळीत मराठी, कन्नड, हिंदी चालते. मराठी शाळेत शिकलो म्हणून खाली मान घालणारी आपली मुलं बघितली की माझ्या पोटात तुटतं. मराठीनं तुझं काही अडवलेलं नाही. पण कन्नडही शिक, मनापासून शिक. मशीनवर शेजारी उभा राहणारा गोकाकचा किंवा बैलहोंगलचा असेल, आणि अडीनडीला तोच धावून येईल.

कागदपत्रांबद्दल थोडंसं. आपल्याकडं हा घोळ फार. मार्कलिस्टवर नावापुढं वडिलांचं आद्याक्षर, आधारवर आडनाव आधी, असं असतं. नोकरी लागल्यावर पीएफचं खातं उघडताना ते अडतं, म्हणून दहावीच्या मार्कलिस्टप्रमाणं आधार दुरुस्त करून घे. मुलाखतीआधी झालं नाही तर विचारल्यावर सरळ सांग. घरातल्या जुन्या कागदांवर 'बेलगाम' आणि नव्यांवर 'बेळगावी' असेल तर त्याची काळजी नको. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारनं नाव बदललं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि खानापूरहून येताना मच्छे, पिरनवाडी ओलांडली की उद्यमबाग शहराच्या अलीकडंच लागते. उगाच सीबीटीपर्यंत, म्हणजे शहरातल्या मोठ्या बसस्टँडपर्यंत, जाऊन परत फिरू नको.

प्रश्न : काकू, मी निपाणीची. बी.कॉम. झाले, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) शिकले. कागलच्या एमआयडीसीत अकाउंट्स असिस्टंटसाठी बोलावलंय. आई विड्या वळते, नोकरीसाठी बाहेर पडणारी घरातली मी पहिलीच. अनुभव काय म्हणून विचारलं तर काय सांगू? आणि मुलींना लग्नाचं विचारतात म्हणे?
— नवखी, निपाणी

उत्तर : अनुभव नाही असं म्हणू नको गं. आईला किती पान-तंबाखू मिळाला, किती विड्या भरल्या, खराब म्हणून किती बाजूला काढल्या आणि हजारामागच्या दरानं मजुरी किती झाली, हा हिशेब घरात कोण बघतं? तूच बघत असशील, तर तो माल आणि मजुरीचा ताळा आहे. ते सांगायला लाजू नको. आईचं नाव घेऊन सांग.

शिवाय तू सीमेवरची आहेस, हे अकाउंट्समध्ये तुझ्या फायद्याचं आहे. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे, कर्नाटकाचे २९ आणि महाराष्ट्राचे २७. निपाणीच्या व्यापाऱ्यानं कागलच्या कारखान्याला ६०,००० रुपयांचा माल पाठवला तर गाडी थोडीच पळते, पण राज्य बदलतं. म्हणून बिलात आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लागणार, आणि माल ५०,००० च्या वरचा म्हणून गाडीसोबत ई-वे बिल, म्हणजे माल वाहून न्यायचा ऑनलाइन कागद, पाहिजे. तोच माल कोल्हापूरहून आला तर राज्य एकच, म्हणून केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी, म्हणजे कर १८ टक्के असेल तर ९ आणि ९. हे उदाहरण तुझ्या गावाचं नाव घेऊन सांगितलंस तर कुणीही लक्ष देऊन ऐकेल. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) ची तारीख पुढच्या महिन्याची ११ आणि ३बी (कर भरायचं रिटर्न) ची २०, हे विचारतातच. या आठवड्यात ओळखीच्या एखाद्या दुकानदाराकडं बसून त्याची खरी बिलं टॅलीत घालून बघ. क्लासमधल्या सरावाच्या बिलात चुका नसतात, खऱ्या बिलात असतात.

लग्नाचं विचारतात, आणि मला ते कधीच पटलं नाही. मुलांना कुणी विचारत नाही. पण तू चिडू नको आणि लाजूही नको. 'लग्नाचं ठरलेलं नाही. कामाच्या वेळा आणि ये-जा याबद्दल घरी बोलून आलेय' एवढं म्हण आणि थांब. खरंच बोलून जा मात्र. मार्चअखेरीला उशिरापर्यंत थांबावं लागतं, तेव्हा निपाणीला परत कशी येणार हे आधी ठरव. सोबत भाऊ आला तर त्याला गेटवर थांबव. शेवटी 'काही विचारायचंय?' म्हणाले तर पगार हातात किती, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापतात का, हे विचार. तो आगाऊपणा नाही.

प्रश्न : मुलानं रेल्वेच्या ग्रुप डीचा अर्ज भरलाय. एक गृहस्थ हुबळीत ओळख आहे, इंटरव्ह्यू सेट करून देतो म्हणून ३ लाख मागालेत. शेत गहाण ठेवू काय?
— एक वडील, चिकोडी तालुका

उत्तर : नका ठेवू. केंद्र सरकारच्या गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद आहेत. ग्रुप डीला, म्हणजे आताच्या लेव्हल १ ला, इंटरव्ह्यूच नसतो, मग हा सेट काय करणार? संगणकावर परीक्षा असते, १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. ती मराठीतूनही देता येते, मुलानं अर्जात कोणती भाषा निवडलीय ते विचारा. त्यानंतर शारीरिक चाचणी. मुलांना ३५ किलोचं ओझं खाली न ठेवता २ मिनिटांत १०० मीटर न्यायचं असतं आणि १००० मीटर ४ मिनिटं १५ सेकंदांत पळायचं असतं. मग कागदपत्रं आणि वैद्यकीय तपासणी. तुमच्या शेतात खताची पोती उचलणाऱ्या पोराला ओझं जड नाही, पळण्याचा सराव मात्र आतापासून रोज लावा.

त्या गृहस्थांना फोनवरून काही रक्कम आधीच पाठवली असेल तर आजच्या आज १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.