चित्रप्रदर्शनात नग्नचित्रं लावायला सेन्सॉरचं सर्टिफिकेट किंवा १८+ ची पाटी लागते का?

नाही, चित्रांना सेन्सॉर सर्टिफिकेट लागत नाही. सेन्सॉर बोर्ड फक्त सिनेमासाठी आहे. (नाटकाच्या संहितेसाठी महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे, ते वेगळं.) चित्राला लागू होतो तो अश्लीलतेचा कायदा: पूर्वीचं भादंवि २९२, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९४. त्यात कलेसाठी अपवाद आहे आणि नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे कोर्टांनी वारंवार सांगितलंय. १९५४ साली मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतल्या चित्रकार अकबर पदमसींच्या प्रदर्शनावर खटला झाला. कारण काय, तर चित्रातल्या पुरुषाचा हात बाईच्या स्तनावर होता! ते निर्दोष सुटले. गंमत म्हणजे जवळजवळ ७० वर्षांनी, २०२३ मध्ये, मुंबई कस्टम्सने त्यांची आणि मूळ गोव्याचे चित्रकार एफ. एन. सूझा यांची चित्रं अश्लील म्हणून अडवली होती. २०२४ मध्ये हायकोर्टाने ती सोडायला लावली.

वयाच्या पाटीची सक्ती नाही, तरी मी लावाच म्हणेन. अश्लील ठरलेली वस्तू १८ वर्षांखालच्या मुलाला दाखवली तर कलम २९५ खाली शिक्षा जास्त आहे. अशी चित्रं आतल्या दालनात ठेवा, रस्त्यावरच्या काचेत नको.

एक मात्र लक्षात घ्या, कलेचा अपवाद कोर्टात सिद्ध करावा लागतो. तक्रार आली तर पोलीस आधी दारात येतात, आणि निकालापर्यंतचे हेलपाटे चित्रकारालाच घालावे लागतात.