बुधवार आणि शनिवारसाठी सव्वापाच लाख

पुण्याच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ५३, पत्नी ५० वर्षांच्या, शिक्षिका. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ६५ हजार. गृहकर्जाचे ९ लाख उरलेत, मुलीच्या इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे आणि ७९ वर्षांच्या आई सोबत राहतात. बँकेत ११ लाखांच्या मुदतठेवी, म्युच्युअल फंडात ३८ लाख, पीएफमध्ये ४६ लाख. २०२५च्या जिरो या इटलीतल्या सायकल शर्यतीत सायमन येट्सने कोल्ले देल्ले फिनेस्त्रे या खिंडीच्या कच्च्या चढावर आघाडीवीराची गुलाबी जर्सी खेचून आणली, तो दिवस त्यांनी मोबाइलवर पाहिला आणि तेव्हापासून इटलीच्या पिएमाँतमधला आसिएत्ता रस्ता डोक्यात बसलाय. येत्या जुलैतच जायचं म्हणतात. टूर कंपनीचं पॅकेज साडेसहा लाखांचं, शिवाय २ लाख ४० हजारांची ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यांसाठीची) सायकल 'नो-कॉस्ट' ईएमआयवर. त्यासाठी ठेवी मोडू का, आणि वर्षभर एसआयपी (फंडातली दरमहाची गुंतवणूक) थांबवू का, असा प्रश्न आहे.

नमस्कार. आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. जरूर जा, पण या जुलैत नको, पुढच्या जुलैत जा. सायकल आत्ता विकत घेऊ नका आणि एसआयपीला हात लावू नका.

तुमच्या मेहुण्यांनी 'निवृत्तीनंतर जा' असं सुचवलंय, ते मला पटत नाही. सूसा गावातून फिनेस्त्रेचा चढ सुमारे साडेअठरा किलोमीटरचा आहे, सरासरी नऊ टक्क्यांच्या वर, आणि शेवटचे आठेक किलोमीटर कच्चे. साठीनंतर तो कसा जाईल हे आज कोणीच सांगू शकत नाही. पीएफ आणि फंड मिळून तुमचे ८४ लाख आहेत. या सहलीसाठी त्यांतला एक रुपयाही काढावा लागत नाही, त्यामुळे निवृत्तीच्या नावाखाली ती पुढे ढकलायचं कारण मला दिसत नाही. 'त्यापेक्षा स्पिती करा' हाही त्यांचाच सल्ला. स्पिती सुंदरच आहे, पण तिथे जीप आणि बुलेटच्या धुळीतून सायकल हाकावी लागते. तुम्हाला गाड्यांशिवायचा रस्ता हवाय, आणि ती मागणी रास्त आहे.

आता या रस्त्याची गंमत पाहा, कारण पैशांचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. आसिएत्ता हा सूसा आणि किसोने या दोन खोऱ्यांमधल्या डोंगरधारेवरून जाणारा जुना लष्करी रस्ता. १७४७च्या जुलैत पिएमाँतच्या सैन्याने याच धारेवर फ्रेंचांना परतवलं होतं. रस्ता बहुतेक कच्चा, दोन हजार मीटरच्या वरून जाणारा, आसिएत्ता खिंडीत २,४७२ मीटरवर पोचणारा. एरवी तिथे मोटरसायकली आणि जीपही जातात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र बुधवारी आणि शनिवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच मोटारवाहनांना बंदी असते. म्हणजे तुम्ही खरे पैसे मोजताय ते आठवड्यातल्या या दोन दिवसांसाठी.

तुमच्या पॅकेजमध्ये नऊ दिवसांत तीन ठिकाणं आहेत आणि आसिएत्ताच्या वाट्याला एकच बुधवार येतो. त्या बुधवारी दुपारी डोंगरात वीज-पाऊस सुरू झाला, तर साडेसहा लाख खर्चून तुम्ही हॉटेलच्या खिडकीत बसून राहाल. पॅकेजवरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे, किंमत त्यानंतर येते. त्याऐवजी सेस्त्रिएर या एकाच गावात आठ रात्री राहा. रविवारी पोचायचं, सोमवार-मंगळवारी शरीराला उंचीची सवय होऊ द्यायची (गावच २,०३५ मीटरवर आहे), बुधवारी रस्ता करायचा. शनिवार हाताशी राहतो. बुधवार छान गेला तर शनिवारी पुन्हा जा, हवं तर फिनेस्त्रेच्या बाजूने. मधल्या शुक्रवारी फेनेस्त्रेल्लेचा किल्ला बघा. गडकोटांच्या मुलखातल्या माणसाने तो चुकवू नये.

युरो ११० रुपये धरून मी आकडे मांडले. दोघांची विमानं १ लाख ७० हजार. राहणं रात्रीला ११० युरोंनी सुमारे ९७ हजार. जेवणखाण ६९ हजार. चार दिवस दोन सायकली भाड्याने, प्रत्येकी ६५ युरोंनी, ५७ हजार. व्हिसा आणि विमा ३५ हजार. तोरिनोहून उल्क्सपर्यंत रेल्वे, पुढे बस आणि किरकोळ फिरणं २५ हजार. घरी आईंसाठी अकरा दिवस पूर्णवेळ मदतनीस बाई १८ हजार. हा खर्च तुमच्या पत्रात कुठेच नव्हता. वर ५० हजार अडीनडीला. बेरीज ५ लाख २१ हजार.

सायकलीवर तुमचा जीव आहे हे पत्रातूनच कळतं, म्हणून हे लिहिताना जरा जड जातंय. पण तिथे ती चार दिवस चालणार, आणि विमानातून नेण्या-आणण्याचा खर्च व व्याप वेगळा. 'नो-कॉस्ट' ईएमआयमध्ये व्याज बहुतेक वेळा रोखीने घेतल्यास मिळणाऱ्या आणि इथे बुडणाऱ्या सवलतीत लपलेलं असतं, शिवाय प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतो. सरावाला तुमची सध्याची हायब्रिड सायकल पुरेशी आहे. सिंहगडाचा घाट आठवड्यातून एकदा वर्षभर चढलात, तर पाय तयार होतील. परत आल्यावरही ग्रॅव्हल हवीशी वाटली, तर साठवून रोखीने घ्या.

ठेवींबद्दल मात्र मी ठाम आहे. घरखर्च आणि हप्ता मिळून महिना ८५ हजार लागतात, म्हणजे सहा महिन्यांचे ५ लाख १० हजार बाजूला हवेतच. आईंचा आरोग्यविमा नाही, त्यांच्यासाठी आणखी किमान तीन लाख. याच महिन्यात त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. सत्तरीपुढच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांचं संरक्षण मिळतं. योजनेतल्याच रुग्णालयांत ते चालतं, म्हणून घराजवळचं कोणतं आहे ते आधी पाहून ठेवा. पण या कार्डाच्या भरवशावर ते तीन लाख मोकळे करू नका. उरतात २ लाख ९० हजार, आणि यंदाच्या जुलैला ते पुरत नाहीत.

पुढच्या जुलैला पुरतात. पगारातून घरखर्च, ३५ हजारांची एसआयपी आणि लेकीचे २० हजार गेल्यावर २५ हजार उरतात. चौदा महिने आवर्ती ठेवीत टाकले की साडेतीन लाख झाले. जानेवारीत मुदत संपणारी दोन लाखांची ठेव त्यात घाला, ती मोडावीही लागणार नाही. लेकीची शेवटची फीही तोवर भरून झालेली असेल. हे पैसे शेअर फंडात ठेवू नका, चौदा महिने फार थोडे आहेत.

इटलीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. पण स्वस्त पॉलिसीत 'साहसी खेळ' वगळलेले असू शकतात, आणि कच्च्या डोंगरी रस्त्यावरची सायकल त्यात ढकलली जाऊ शकते. ती चालते का आणि डोंगरातून सुटका करण्याचा खर्च मिळतो का, हे विमा कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील.

तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या धरा. बर्फ उशिरा वितळलं तर रस्ता उशिरा उघडतो. १५ ऑगस्टच्या आसपास जाऊ नका, तेव्हा सगळी इटली सुट्टीवर असते आणि खोल्या महागतात. बंदीचे दिवस त्या वर्षीच्या आदेशात तपासा आणि तोवर रद्द करता येणारंच बुकिंग घ्या, थोडं महाग पडलं तरी. वहिनींना ई-बाइक हवी आहे असं लिहिलंत, ती मात्र खोलीबरोबरच सांगून ठेवा. बुधवारी सकाळी दुकानात जाऊन मागितली, तर मिळेलच असं नाही.