स्कॉटलंडच्या चर्चचा इतिहास शिकून मुलगी पुढे काय करणार?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. तुमची लेक नागपुरात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इतिहास, आणि हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यावर प्रोजेक्ट करता करता तिला स्कॉटलंडच्या चर्चच्या इतिहासाचं वेड लागलंय, आता एमए, पीएचडी त्यातच करायचं म्हणते. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, यात पोट भरेल का, आणि जरा संकोचून, आपण ख्रिश्चन नाही तर हा अभ्यास कशाला.

संकोचाचं आधी बोलू. इतिहास शिकायला कुणी श्रद्धा विचारत नाही, पाद्री व्हायचं शिक्षण वेगळं असतं. खुद्द स्कॉटलंडमध्ये २०२२ च्या जनगणनेत ५१.१ टक्के लोकांनी आपला कुठलाच धर्म नाही असं सांगितलंय, आणि चर्च ऑफ स्कॉटलंडचे म्हणवणारे २०.४ टक्के राहिलेत. तरी तिथल्या विद्यापीठांत हा विषय जोरात शिकवला जातो, कारण त्या देशाच्या शाळा, गरिबांची मदत, राजाशी भांडण, सगळं चर्चमधूनच गेलेलं आहे.

लेकीला काय आवडलंय ते तुम्हालाही कळावं म्हणून थोडं सांगतो. कोलंबा नावाचा आयरिश साधू ५६३ साली आयोना बेटावर आला आणि तिथे मठ उभा राहिला, पुढे व्हायकिंग लोकांनी तो मठ पुन्हा पुन्हा लुटला. मधली शतकं पोपच्या चर्चची. मग १५६० साली संसदेने पोपची सत्ताच नाकारली, धर्मसुधारक जॉन नॉक्स आणि त्याच्या साथीदारांनी नव्या चर्चचा आराखडा केला आणि त्यात प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावात, शाळा हवी असं लिहून ठेवलं. ते लगेच झालं नाही, पैसाच नव्हता, १६९६ चा कायदा यावा लागला, पण गावोगावी शाळा असलेला देश अशी जी स्कॉटलंडची ओळख झाली तिचं मूळ इथे आहे. १६३७ मध्ये राजाने इंग्लंडच्या धर्तीवरचं प्रार्थनेचं पुस्तक लादलं तर एडिनबराच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये दंगाच झाला आणि पुढच्या वर्षी लोकांनी राजाच्या विरोधात शपथपत्रावर सह्या केल्या.

मला स्वतःला यात सगळ्यात मोलाची वाटते ती किर्क सेशनची दप्तरं. प्रत्येक गावच्या चर्चची एक पंचायत असायची, पाद्री आणि गावातले वडीलधारे, आणि कोण रविवारी काम करत होतं, कोण दारू पिऊन भांडलं, कुठल्या अविवाहित बाईला दिवस गेलेत, कुठल्या विधवेला किती मदत दिली हे सगळं ते लिहून ठेवायचे, दोषी माणसाला सगळ्यांसमोर पश्चात्तापाच्या स्टुलावर बसवायचे. राजेरजवाड्यांच्या इतिहासात ज्यांचं नावही येत नाही अशा बायका तिथे स्वतःची बाजू मांडताना सापडतात. यातली खूप दप्तरं स्कॉटलंड्स पीपल या सरकारी साइटवर स्कॅन करून ठेवलीत, नागपुरात बसून बघता येतात, तिला आजच उघडायला सांगा. जुनं हस्ताक्षर लागायला वेळ जाईल, जाऊ दे.

आता हिस्लॉप. गावचा पाद्री कुणी नेमायचा, जमीनदाराने की तिथल्या लोकांनी, यावरून १८४३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड फुटलं, साडेचारशेहून जास्त पाद्री पगार आणि राहतं घर सोडून बाहेर पडले आणि थॉमस चाल्मर्स यांच्या पुढाकाराने फ्री चर्च उभं राहिलं, तेही लोकांच्या वर्गणीवर. मुंबईचे जॉन विल्सन, कलकत्त्याचे अलेक्झांडर डफ हे मिशनरी त्याच बाजूला गेले. हिस्लॉप १८४४ च्या शेवटी भारतात आले ते याच नव्या चर्चचे मिशनरी म्हणून. म्हणजे ते नागपूरला का आले, कुणाच्या पैशावर आले, वर्गणी देणाऱ्यांची अपेक्षा काय होती, याची अर्धी उत्तरं एडिनबरात आहेत. आपल्याकडे मिशनवर लिहिणारे बरेचदा गोष्ट मिशनरी बोटीतून उतरला तिथून सुरू करतात आणि मग एक तर नुसती स्तुती होते नाहीतर नुसता संशय. तुमची मुलगी मागे जाऊन आधी त्यांचा देश समजून घ्यायला बघतेय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. महात्मा फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्याच शाळेत शिकले, तेव्हा हा परका विषय म्हणून बाजूला टाकता येणार नाही.

पोटाचं बोलू. इतिहासाच्या प्राध्यापकाची कायम नोकरी आज अवघड आहे, जागा निघत नाहीत, सीएचबीवर, म्हणजे तासांवर पगार मिळणाऱ्या तात्पुरत्या नोकरीत, वर्षं जातात, हे तिला आत्ताच माहीत असू दे. म्हणून माझं मत असं की एमए इथेच साधं इतिहासात करावं, सोबत प्राध्यापकीला लागणाऱ्या नेट आणि सेट या दोन्ही परीक्षा द्याव्यात, आणि मोडी शिकून घ्यावी, पुराभिलेख विभागाचे वर्ग असतात. स्कॉटलंडच्या मुलांकडे लॅटिन असेल, गेलिक असेल, पण मराठी आणि मोडी नसणार, आणि मिशनच्या शाळेत मुलं पाठवणारे पालक काय म्हणत होते ते कळायला तीच लागते. एमएनंतर दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराचा डिप्लोमा केला तर अर्काइव्ह, म्युझियम, जुन्या संस्थांची कागदपत्रं सांभाळणं अशी दुसरी वाट मोकळी राहते. ती वाट कमी दर्जाची समजू नका.

परदेशाचा विचार करताना एक जपा. एडिनबरा, ग्लासगो, सेंट अँड्र्यूज, अ‍ॅबरडीन इथे इतिहासाचं एमए म्हणजे बारावीनंतरची चार वर्षांची पहिली पदवी असते. तुमच्या मुलीला लागेल तो एमएससी, एमलिट किंवा एमटीएच नावाचा, साधारण वर्षभराचा कोर्स, फॉर्म भरताना इथे गोंधळ होतो. एडिनबराच्या न्यू कॉलेजमध्ये जागतिक ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाचं केंद्र आहे आणि हे न्यू कॉलेज फ्री चर्चनेच सुरू केलेलं, शिवाय मिशनची बरीच कागदपत्रं तिथल्याच नॅशनल लायब्ररीत, त्यामुळे तिच्यासाठी पहिली पसंती तीच. पण घर गहाण टाकून, कर्ज काढून पाठवू नका, या विषयात ते फिटायला फार वर्षं जातील. स्कॉलरशिप मिळाली तरच जायचं असं घरात आत्ता ठरवा. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपला साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे एमएनंतर दोन वर्षं नोकरी केली तर वाया जात नाहीत.

एवढ्यात तिने एक करावं, हिस्लॉपबद्दल तिला पडलेला एकच प्रश्न पानभर लिहून काढावा, कुठली कागदपत्रं पाहिली, कुठली अजून बघायचीत त्यासकट, मराठीत चालेल, आणि मला पाठवावा. एमएला कुठला गाईड धरायचा ते ते पान वाचून सांगतो.