भांडणात माणूस मेला, नवरा तुरुंगात आहे आणि म्हणतो जीव वाचवायला मारलं. त्याच्यासाठी थांबावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवरा आठ महिने आत आहे, 'मी मारलं नसतं तर मीच मेलो असतो' असं म्हणतो, आणि माहेरचे सोडचिठ्ठी घे म्हणून मागे लागलेत. विश्वास ठेवून थांबावं का आणि मुलांना काय सांगावं, हे विचारलंय.

थांबा. पण आधी त्याच्याकडून सगळं खरं काढून घ्या, मग थांबा.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातली, खानापूर तालुक्यातली. २०१४ च्या मार्चमधली गोष्ट. आमच्याकडे थ्री-फेज रात्रीच यायची, उसाला पाणी सोडायला बारा-एकला उठून मोटारीवर जावंच लागायचं. विहीर भावकीत सामाईक. पाण्याच्या पाळीवरून दोन वर्षं धुसफूस चाललेली. त्या रात्री माझा चुलत दीर कोयता घेऊन मोटारीपाशी आधीच उभा होता. पहिला वार ह्यांच्या डाव्या हातावर बसला, कोपराच्या खाली, हाड दिसत होतं. ह्यांच्या हातात खोरं होतं. दीर जागेवरच गेला. हे घरी आले, हाताला माझं जुनं लुगडं गुंडाळून घेतलं आणि पहाटे स्वतःच्या पायाने पोलिसांत गेले.

कलम ३०२ लागलं. मुलाखतीला जाईन तेव्हा हे एकच सांगायचे, "दोनच मारलो की गे. एक खांद्यावर, एक डोक्यात. दुसरं काय करणार होतो?" मीही गावभर तेच सांगत फिरले. दोनच मारले. दोन घावांत कुणी खुनी होत नाही, असं मी माझ्या आईला छाती ठोकून सांगितलं.

मग चार्जशीट आली. पोस्टमॉर्टेम तेवढं इंग्रजीत, बाकी सगळं कन्नड. मला बसची पाटी सोडली तर कन्नड वाचता येत नाही. पहिल्या वकिलांना विचारलं, तर "त्यात नेहमीचंच असतं, तुम्हाला काय करायचंय" म्हणाले. माझी थोरली आठवीत होती. शाळा मराठी, पण कन्नड विषय सक्तीचा, वाचन चांगलं होतं तिचं. चुलीपुढे बसवून तिच्या हातात गठ्ठा दिला. आयुष्यात मी एवढी मोठी चूक दुसरी केलेली नाही.

ती वाचत होती, सांगत होती. पलीकडच्या शेतात पाणी पाजणाऱ्या माणसाचा जबाब आला आणि ती थांबली. "आई, इथं मूरु सल लिहिलंय." मी म्हटलं, म्हणजे? "तीनदा. दोनदा मारल्यावर काका खाली पडले. पडल्यावर बाबांनी आणि एकदा मारलं." कागद जागेवर ठेवून ती गोठ्यात जाऊन बसली. रात्री जेवली नाही. पुढे दीड वर्ष ती माझ्याबरोबर मुलाखतीला आली नाही. म्हणून मुलांना काय सांगावं ते मला विचारू नका, मला ते जमलेलं नाही. एवढंच सांगते, कागद त्यांच्याकडून वाचून घेऊ नका. कोर्टाच्या आवारात कन्नडचं मराठी करून देणारी माणसं असतात, पैसे द्या आणि करून घ्या.

पुढच्या मुलाखतीला खानापूरहून बेळगाव, तिथून हिंडलग्याची बस, अशी मी गेले ती हातात काही न घेता गेले. नेहमी धुतलेले कपडे न्यायची. जाळीपलीकडे हे आले आणि मी विचारलं, एकूण किती? हे गप्प. परत विचारलं. "तीन." पडल्यावर? "पडल्यावर. तो उठणार असं वाटलं." मी काही न बोलता बाहेर आले. स्टॉपवर बसले होते, दोन बस डोळ्यांसमोरून गेल्या, चढले नाही.

त्या दिवशी सोडलं असतं तर मला कुणी नावं ठेवली नसती. पण सहा महिन्यांत पहिल्यांदाच हा माणूस माझ्याशी खरं बोलला होता. त्या दोन बस गेल्या तेवढ्या वेळात मी ठरवलं की आता थांबायचं.

कायद्याने आपला जीव वाचवायला मारता येतं, प्रसंगी समोरच्याचा जीव गेला तरी. जुन्या दंडसंहितेत ९६ ते १०६ ही कलमं आहेत. १ जुलै २०२४ नंतरची घटना असेल तर न्याय संहितेतली ३४ ते ४४ बघा. पण धोका आहे तोवरच हा हक्क. माणूस आडवा पडल्यावरचा घाव त्यात बसवणं फार कठीण. तेव्हा आमची केस म्हणजे तो तिसरा घाव होता, आणि पहिले वकील तर 'आरोपी तिथं नव्हताच' म्हणायच्या तयारीत होते. स्वतः हजर झालेला माणूस, म्हणे तिथं नव्हता! मी वकील बदलले. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला आणि बाईला तिथं उत्पन्न न बघता वकील मिळतो.

नव्या वकिलांनी पहिला प्रश्न केला, "आरोपीच्या जखमेचा दाखला कुठाय?" चार्जशीटमध्ये तो नव्हताच. हाताला चौदा टाके पडले होते आणि त्याचा कागद नाही. तो कोर्टामार्फत मागवून घ्यावा लागला. स्वसंरक्षण दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते, पण ते शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही, तसं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं पटवलं तरी पुरतं. आमचं त्या दाखल्यावरच पटलं. आधी कोयता चालला, हे कोर्टाने मानलं. तिसरा घाव हक्काच्या बाहेरचा, हेही मानलं. २०१७ साली ३०२ चं ३०४ झालं, म्हणजे खून नव्हे, सदोष मनुष्यवध. सात वर्षं. कच्च्या कैदेतले दिवस त्यातून वजा झाले आणि २०२० च्या शेवटी हे घरी आले.

माझा दादा अजून म्हणतो, "खुन्यासाठी सोन्यासारखी वर्षं घालवलीस." २०१४ च्या गणपतीला त्याने मला दारातून परत पाठवलं होतं, आरतीचं ताट माझ्या हातात तसंच होतं. दादा, तुला हवं ते उत्तर मी आज देते. तो निर्दोष नव्हता. दोन घाव त्याने जीव वाचवायला मारले आणि एक मारायला नको होता. त्या एकाची शिक्षा त्याने भोगली. माझा नवरा देव आहे असं मी तुला कधी सांगितलं नव्हतं, तूच तसं धरून चाललास. मी शिलाई करून दोन मुलं शिकवली, तुझ्याकडे एक रुपया मागितला नाही, आणि तरी तू पाहुण्यांत माझं नाव काढलं की खाली बघतोस.

माझी चुलत जाऊ समोरच्याच घरात राहते. ती आमच्याशी बोलत नाही, बोलावं अशी माझी अपेक्षाही नाही. पहिल्या पाळीचं पाणी आता तिच्या शेताला जातं. हे आल्यावर त्यांनीच ठरवलं.

एक राहिलं. घरात तुमच्यावर त्याने कधी हात उचलला असेल, तर वर लिहिलेलं सगळं सोडून द्या आणि माहेरचं ऐका. ह्यांनी माझ्यावर कधी बोट उगारलं नव्हतं, म्हणून मला ठरवता आलं. आणि माझ्या मागे सासू होती, दीड एकर होती, मशीन होतं. तुमचं काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही.

पुढच्या मुलाखतीला घाव किती ते विचारा, आणि त्याच्या अंगावर जखम होती का, कुठल्या दवाखान्यात दाखवली, तारीख काय, हे लिहून आणा.